आधी गणित, मग मैदान

सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत दाक्षायणी हत्तुरे खेळ शिकवतात. शाळा सुटली की खो-खोचा सराव, सराव संपला की तिथल्याच एका वर्गात अभ्यास, आणि मोठ्या मुलींना पुढं कुठल्या कॉलेजात जायचं, काय शिकायचं याचं मार्गदर्शन. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. त्या स्वतः नावाजलेल्या खेळाडू. पण खेळाच्या नादात बारावीला आपटल्या आणि पदवी हाती येईतो उमेदीची वर्षं गेली. म्हणून नियम कडक होता. अभ्यासात मागं पडेल तिनं मैदानावर पाय ठेवायचा नाही.

अक्षता ही त्यांच्या हाताखालची सगळ्यात चपळ पोरगी. वडील बिरुदेव मंगळवेढ्याकडून पोटासाठी शहरात आलेले, नवी पेठेत रिक्षा चालवायचे. खांबाला वळसा घालून अक्षता अशी सटकायची की मागची मुलगी हात पसरून नुसती बघत राहायची. गणिताशी मात्र तिचं जन्माचं वाकडं.

दहावीच्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली आणि त्याच सुमारास चाचणीत ती गणितात नापास झाली. बाईंनी तिला पाठवायला नकार दिला.

बिरुदेव शाळेत आले. दारातच उभे राहिले.

"मॅडम, खेळाय मिळतंय म्हणून पोरगी शाळंत येती. त्येच काढून घेतलं तर कशाला येईल ती?"

"खेळ चार दिवसांचा असतो, बिरुदेव. शिक्षण जन्माला पुरतं."

"व्हय, खरंय. पण तिला कळाय पायजे की."

बाई बधल्या नाहीत. अक्षता रडली नाही, भांडली नाही. संघ गेला त्या दिवशी ती वर्गात खाली मान घालून गणितं उतरवत होती. नंतर हळूहळू तिनं संध्याकाळचं येणंच सोडलं.

निकाल लागला तेव्हा अक्षता गणितात थोडक्यात राहिली होती. राज्य स्पर्धेत खेळली असती तर क्रीडागुण मिळाले असते आणि ती सहज निघाली असती. हे गुण बाईंनी कितीतरी मुलींना मिळवून दिले होते. अक्षताच्या वेळी ते आपल्या ध्यानातच आलं नाही, की आलं आणि शिस्तीच्या हट्टापायी आपण बाजूला सारलं, हे त्यांना आजही ठरवता येत नाही.

त्या तिच्या घरी गेल्या. अक्षता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली होती. फेरपरीक्षेचं बाईंनी परोपरीनं सांगितलं, रोज घरी येऊन शिकवते म्हणाल्या.

"नको मॅडम," ती म्हणाली. "कामावर कुणी गणित इचारत न्हाय."

त्यानंतर बाईंनी नियम मोडला. आता गणितात मागं पडलेली मुलगीही त्यांच्याकडं खेळते. स्पर्धेला जाताना एसटीत बाई तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसतात. त्यातल्या काही जणी बार्शीला, पुण्याला कॉलेजात गेल्या. त्यांचे पेढे येतात तेव्हा बाई तोंड भरून कौतुक करतात, पण स्वतः एकही खात नाहीत.

गेल्या दिवाळीआधी नवी पेठेच्या गर्दीत अक्षता भेटली. कडेवर मूल होतं. तिनंच हाक मारली, वाकून नमस्कार केला. बाईंना राहवलं नाही.

"अक्षता, तेव्हा तुला खेळू द्यायला हवं होतं. माझं चुकलं."

ती अवघडून हसली.

"तुमचं काय न्हाय मॅडम. माझंच डोकं चालत नव्हतं की."

तिनं रागावून दोन शब्द सुनावले असते तर बाईंना सोसलं असतं. हे त्यांना सोसलं नाही. "तसं नव्हतं गं," एवढंच त्या म्हणू शकल्या. पण मूल किरकिरायला लागलं होतं, आणि त्याला थोपटत अक्षता केव्हाच पुढच्या दुकानाकडं वळली होती.