चाळीस नंबरचा ठेका

बहरीनमधल्या मनामातल्या आमच्या हॉटेलच्या दारात बरीच वर्षं एक बोर्ड उभा होता: 'ब्रांको अँड हिज बेलग्रेड बॉइज'. या बॉइजपैकी बेलग्रेडचं कुणीच नव्हतं. बास गिटार वाजवणारा मी, निकोलस तुस्कानो, वसईतल्या निर्मळचा. गिटारवाला हिलरी पापडीचा. गाणारी आणि कीबोर्ड वाजवणारी मॅगी तर बॉयसुद्धा नव्हती, वांद्र्याची दोन मुलांची आई होती. राहता राहिला ड्रमर ब्रांको. तो युगोस्लाव्हियातल्या सर्बियाचा खरा, पण नीश नावाच्या गावचा. वसईहून पुणं असावं तेवढं त्याच्या गावाहून बेलग्रेड लांब. पण बोर्डावर एक गोरा चेहरा आणि एक युरोपातलं शहर असलं की गिऱ्हाईक दारूचा भाव विचारत नाही, असा हॉटेलवाल्यांचा हिशेब होता. म्हणून काँट्रॅक्ट एकट्या ब्रांकोच्या नावावर होतं आणि आमच्या तिघांचे व्हिसा त्या काँट्रॅक्टला लटकलेले होते. ब्रांको गेला की आम्ही गेलो, सरळ सहारच्या विमानात.

तो शहात्तर साली बहरीनला आला. त्याआधी बेलग्रेडमध्ये त्याने चार दोस्तांबरोबर रॉक बँड काढला होता. त्याच्याकडे एक फोटो होता: खांद्यापर्यंत केस, अंगात शर्ट नाही, आणि हातातल्या काठ्या इतक्या जोरात चाललेल्या की फोटोत त्या दिसतच नव्हत्या. पण ज्या ड्रमवर तो एवढा घाम गाळत होता, तो मागून आणलेला. तिकडचे वाजवणारे तेव्हा एखादा सीझन परदेशी हॉटेलात काढायचे, डॉलरमध्ये वाद्यं घ्यायचे आणि परत जायचे. ब्रांकोही दोस्तांना सांगून निघाला, सहा महिन्यांत स्वतःचा ड्रमसेट घेऊन येतो.

ड्रमसेट त्याने पहिल्याच वर्षी घेतला, पांढराशुभ्र. मग आईचं ऑपरेशन निघालं. मग बहिणीचं लग्न. मग घराचं छप्पर. हे ऐकून मला हसूच आलं. म्हटलं, "ब्रांको, तू आमच्या वसईचाच निघालास की रे!" त्याला काही कळलं नाही. मुहर्रकच्या आमच्या खोलीत तो माझ्याबरोबर राहायचा, माझ्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन डोळे पुसायचा आणि दुसऱ्यांदा मागायचा. भाषा म्हणाल तर मोडकं इंग्लिश, त्याहून मोडकं हिंदी, आणि मधून मधून अरबी.

हॉटेलात त्याला काठ्या वापरायची बंदी होती. तारेचे ब्रश घेऊन नुसतं घासायचं. आमचे मॅनेजर हेमचंद्र, पुण्याचे, स्वभावाने वाईट नव्हते असं लोक म्हणतात. मी म्हणणार नाही. ब्रांकोचा हात जरा उचलला गेला की ते स्टेजच्या कडेला येऊन मला मराठीत सांगायचे, "निकोलस, तुझ्या साहेबाला सांग, लोक सूप पितायत." मी तोंड वाकडं करून ब्रांकोकडे बघायचो आणि तो समजायचा. ज्या माणसाने हॉल हादरवले होते, त्याने सूप पिणाऱ्यांसाठी दहा वर्षं ब्रश घासले. मला अजून संताप येतो.

पण दुपारी डायनिंग हॉल रिकामा असला की तो काठ्या काढायचा. त्याचं स्वतःचं एक गाणं होतं. चाल त्याची, ठेका त्याचा, आणि ठेका होता सात मात्रांचा. दोन, दोन आणि तीन. त्याच्या गावाकडे लग्नात पितळी बँड वाजतो, त्यातला तो ठेका होता. आमच्याकडेही लग्नात पितळी बँड असतो म्हटल्यावर तो भलताच खूष झाला, पण आमचा बँड चारात नाहीतर सहात चालतो. सात म्हटलं की माझी पंचाईत व्हायची. सहाव्या मात्रेला माझं बोट हमखास चुकायचं. तो काठी हवेत धरून ओरडायचा, "निकोलस! वन मोर बाकी है!" एकदा आम्ही ते गाणं रात्रीच्या पाहुण्यांपुढे वाजवलं. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि हेमचंद्रांनी त्या गाण्यावर बंदी घातली.

एक्याऐंशी साली त्याच्या दोस्तांचा फोन आला. त्यांचा बँड आता नाव कमावत होता. नवी रेकॉर्ड निघत होती आणि त्यात ब्रांकोचं गाणं घ्यायचं ठरलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की तू ये, अख्ख्या रेकॉर्डला ड्रम वाजव, मग तुझी जागा तुझीच. ब्रांको फोन ठेवून आला आणि त्याने मॅगीला उचलून गरकन फिरवलं. पाच वर्षांत त्याला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

त्या वर्षी रमझान जुलैत होता. रमझानमध्ये हॉटेलात गाणंबजावणं बंद, म्हणून बँडवाल्यांची रजा तेव्हाच. पण ईदच्या रात्री मोठा कार्यक्रम असायचा. त्या रात्री जो स्टेजवर नाही त्याचं काँट्रॅक्ट खलास, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रांकोचा बेत साधा होता. ईदला येऊन वाजवायचं, आमच्यासाठी दुसरा कुणी गोरा शोधायचा, आणि मग कायमचं घरी.

त्याने परतीचं तिकीट काढलं ते किराणावाल्याने फुकट वाटलेल्या कॅलेंडरवर बघून. कॅलेंडरात रोजे तीस छापलेले होते. मॅगीने त्याला बजावलं, "अरे बाबा, चांदचं काही खरं नसतं. एक दिवस हातात ठेव." तो म्हणाला, "लास्ट इयर थर्टी. धिस इयर थर्टी. चांद को भी टाइम-टेबल है." आखातात चार दिवस राहिलेला माणूससुद्धा ईदची तारीख इंशाल्ला लावून सांगतो. हा पाच वर्षं राहून छापील कॅलेंडरवर विसंबला. त्याच्या मुलखात सणाच्या तारखा छापल्या की छापल्या, त्या कुणी गच्चीवर चढून ठरवत नाही.

बेलग्रेडच्या स्टुडिओत बाकीची सगळी गाणी झाली. त्याचं गाणं कठीण, म्हणून त्याच्या सांगण्यावरून शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. आणि इकडे एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चांद दिसला, म्हणजे ईद कॅलेंडरच्या एक दिवस आधीच आली. तोफ वाजली, लोक रस्त्यावर एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. हेमचंद्रांनी मला ऑफिसात बोलावलं आणि माझ्यासमोरच बेलग्रेडला फोन लावला.

"ब्रांको, मून इज सीन. टुमारो नाइट शो." पलीकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. हेमचंद्र म्हणाले, "दॅट इज युवर चॉइस. बट यू नो, दीज थ्री पीपल आर ऑन युवर पेपर." मग रिसीव्हर माझ्या हातात दिला.

मी काय बोलणार? माझा धाकटा तेव्हा वसईत नुकताच शाळेत गेला होता. हिलरीच्या घरी बाप अंथरुणाला खिळलेला. मी नुसता हॅलो म्हणालो. ब्रांकोने विचारलं, "मॅगी के बच्चे अच्छे हैं?" मी हो म्हणालो. "ओके," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने तो निघाला आणि रात्री स्टेजवर होता. हातात ब्रश, अंगात हॉटेलचं लाल जाकीट. लोक ईदचं जेवण जेवत होते. तिकडे त्याच दुपारी स्टुडिओत एका विशीतल्या पोराला त्याच्या गाण्यावर बसवलं. पोराला सात मात्रा जमेनात, आणि स्टुडिओची वेळ संपत आलेली. मग त्याचे दोस्त म्हणाले, चारात वाजव. चारात वाजलेलं ते गाणं तिकडच्या रेडिओवर वर्षभर गाजलं. दौऱ्यावर जायला पोरगा तिथे हजर होता, ब्रांको नव्हता, तेव्हा जागाही पोरालाच मिळाली. रेकॉर्डच्या कव्हरवर ड्रमर म्हणून एकट्या पोराचं नाव आलं. ब्रांकोने वाजवलेल्या सगळ्या गाण्यांनाही त्याचंच. दोस्त म्हणे! असले दोस्त असले की दुश्मन कशाला हवेत.

हे कळल्यावर ब्रांको फक्त एवढंच बोलला, "सात का गाना, चार में गया." मी म्हटलं, अरे, भांड त्यांच्याशी, फोन कर, शिव्या दे. त्याने नाही केलं. त्या दिवसांत मला त्याचा फार राग यायचा. आमच्यासाठी आला म्हणून जास्तच. परत जायचं नाव मग त्याने काढलं नाही. जायचं तरी कुठे?

पुढच्या हिवाळ्यात एक युगोस्लाव्ह इंजिनियर हॉटेलात उतरला. ब्रांको आपला गाववाला आहे कळल्यावर त्याचा ऊर भरून आला. स्टेजजवळ येऊन त्याने फर्माईश केली, आपल्याकडचं ते गाजलेलं गाणं होऊन जाऊ दे. तेच गाणं. मॅगीने माझ्याकडे पाहिलं. वाटलं, ब्रांको उठून जाईल, किंवा निदान काठ्या काढून सातात सुरू करील. त्याने ब्रश उचलले आणि गाणं चारात धरलं, अगदी रेकॉर्डसारखं. लोक छान नाचले. इंजिनियरने टाळ्या वाजवत येऊन त्याचा खांदा थोपटला आणि इंग्लिशमध्ये म्हणाला, "व्हेरी गुड! ऑलमोस्ट लाइक द ओरिजिनल!" ब्रांकोने थँक्यू म्हटलं. मी मागे वळून गिटारच्या तारा उगाच पिळत बसलो, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पंच्याऐंशी साली हॉटेलने ड्रम मशीन आणलं. वहीएवढी पेटी. नंबर दाबला की ठेका सुरू. हेमचंद्र म्हणाले, आता दोन माणसं पुरेत. मला आणि मॅगीला हॉटेलच्या स्टाफ व्हिसावर घेतलं. हिलरी वसईला गेला. ब्रांकोला नोटीस मिळाली, आणि नोटिशीच्या काळात त्याला काम काय दिलं, तर आपले सगळे ठेके त्या पेटीत भरून द्यायचे! मी म्हटलं, "हे तू करणार नाहीस. स्वतःची कबर स्वतः खणतात का?" तो हसला. "गुड मशीन, निकोलस. इट नेव्हर ड्रिंक्स."

रोज दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बसून त्याने ठेके भरले. वॉल्ट्झ, चा-चा, हिंदी गाण्यांचे, अरबी गाण्यांचे, एकोणचाळीस नंबरपर्यंत. शेवटच्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं आणि चाळीस नंबर दाबला. सात मात्रा! दोन, दोन, तीन, आणि शेवटच्या मात्रेआधी त्याचा तो थोडासा रेंगाळणारा हातसुद्धा. पेटीत त्याने तो हात कसा बसवला, देव जाणे. मशीन एकेक मात्रा मोजून देत होतं, म्हणून माझं बोट एकदाही चुकलं नाही. आम्ही ते गाणं सातात पहिल्यांदाच न चुकता शेवटपर्यंत वाजवलं, मी बासवर, मॅगी कीबोर्डवर, आणि तो खुर्चीत हात मांडीवर ठेवून ऐकत. संपल्यावर म्हणाला, "नाऊ इट इज रेकॉर्डेड."

मग तो मआमीर नावाच्या गावाजवळ एका युगोस्लाव्ह कंपनीत स्टोअर सांभाळायला लागला. पाइप आणि व्हॉल्व्ह मोजून द्यायचे. राहायची सोय तिकडच्याच कॅम्पात. पांढरा ड्रमसेट त्याने एका शाळेला देऊन टाकला. कधी सुट्टीच्या दिवशी हॉटेलात यायचा, तेव्हा मी त्याच्यासाठी दुपारी चाळीस नंबर लावायचो. तो दारातच उभा राहून ऐकायचा, चहा प्यायचा आणि निघून जायचा.

शहाऐंशीचा रमझान मे महिन्यात आला. गाणंबजावणं बंद, म्हणून हेमचंद्रांनी सगळं सामान जिन्याखालच्या खोलीत कुलूपबंद करायला लावलं. मी आणि मॅगी रजेवर गेलो. त्या खोलीला ना खिडकी ना एसी. मशीनच्या पोटात आठवण धरून ठेवायला बॅटरी असतात, आणि त्या उष्णतेत त्या फुटून वाहून गेल्या. ईदच्या दुपारी आम्ही पेटी काढली, नंबर दाबले. एक, दोन, पाच, चाळीस. कशालाच आवाज नाही. मशीन नव्यासारखं कोरं झालं होतं. मॅगीने स्वतः पुन्हा चाळीस दाबून पाहिला. म्हणाली, "चाळीस पण?"

"मग त्यात काय," हेमचंद्र म्हणाले, "ब्रांकोला बोलव. भरून देईल परत. गाडी पाठवतो."

मीच गेलो गाडी घेऊन. ब्रांको व्हॉल्व्हच्या रॅकमागे उभा होता. मी सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "ऑल?" मी मान हलवली. तो हात धुऊन गाडीत बसला.

नव्या बॅटरी घालून तो संध्याकाळपर्यंत पेटीसमोर बसला आणि त्या रात्रीच्या कार्यक्रमाला लागतील ते सगळे ठेके भरून दिले. हात भराभर चालत होता. मग बाकीचेही भरले, एकोणचाळीसपर्यंत. आणि उठून जाकीट घालायला लागला.

"ब्रांको," मी म्हणालो, "वन मोर बाकी है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मफी," तो म्हणाला, म्हणजे अरबीत 'नाही'. "खलास."

हेमचंद्रांनी ठेवलेलं पाकीट त्याने घेतलं नाही आणि जेवणालाही थांबला नाही. वर्षअखेरीस कंपनीचं काम संपलं तेव्हा तो गेला. नीशला गेला म्हणतात. मला पत्ता दिला नाही, आणि मीही मागितला नाही, कारण काय लिहिणार होतो?

मशीन अजून आहे. दुपारी हॉल रिकामा असला की कधी कधी मी चाळीस नंबर दाबतो. लाल दिवा लुकलुकतो, आवाज येत नाही. मग मी टेबलावर बोटांनी वाजवायला लागतो. दोन, दोन, आणि पुढचे तीन. दहा वर्षं त्याच्या शेजारी उभा राहिलो, तो ठेका आता या बेटावर फक्त माझ्याकडेच असायला हवा. पण माझं बोट सहाव्या मात्रेला चुकतं, आणि ओरडायला कुणी नसतं.