पदविकेचा खटला

भूलशास्त्राची पदविका घेऊन मी परतूरच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झाले होते. काही वर्षांनी वरून आदेश आला. आमच्या कॉलेजच्या त्या अभ्यासक्रमाला मान्यता आमची तुकडी बाहेर पडल्यावर मिळाली, म्हणून आमची पदविका ग्राह्य धरायची नाही. माझी जागा गेली. अडलेल्या बाळंतिणींना सिझेरियनसाठी जालन्याला पाठवावं लागू लागलं.

अशीच नोकरी गेलेल्या माझ्या दोन वर्गमैत्रिणींसह मी औरंगाबाद खंडपीठात गेले. आरोग्य खात्यातल्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला सांगितलं, "केस मागं घ्या, पुन्हा परीक्षा द्या. तुमचं मी बघतो."

"आणि त्या दोघींचं?" मी विचारलं.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांची उभी हयात शेतात गेलेली. ते म्हणाले, "तू एकदा पास झाली ना? मंग पुन्हा कशाची परीक्षा? मागं हटायचं न्हाई बिलकुल."

निकालाच्या दिवशी ते सोबत होते. आमच्या वकिलांनी त्यांना निकाल मराठीत समजावला: प्रवेश सरकारनं दिला, परीक्षा सरकारी विद्यापीठानं घेतली, नेमणूकही सरकारची; यात या मुलींची काहीच चूक नाही, पदविका वैध आहे.

परतीच्या गाडीत वडील समोरच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझी लेक हाय. सरकारशी भांडली अन् जिंकली. तिघींसाठी भांडली."

मी खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांना थांबवलं नाही.