बादली कुठल्या हाताला

आई पडली त्याला आता दीड वर्ष झालं. ती चालते, जिना उतरते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, म्हणून हे मला आज शांतपणे लिहिता येतंय.

बोरिवली पूर्वेला आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. बाथरूम आणि संडास एकत्र, जेमतेम पाच फूट बाय सात फूट. एका सकाळी आई आंघोळ करून उठताना आत घसरली. दार आत उघडणारं, आणि ती नेमकी दाराला आडवी पडलेली. मी ढकललं की आतून म्हणायची, "ढकलू नको रे, पायाला लागतंय." शेवटी नाक्यावरच्या सुताराला बोलावून दाराचा वरचा अर्धा भाग कापला आणि माझी बायको स्टुलावर चढून तिथून आत उतरली. यात पाऊण तास गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जिना नको. दहिसरला मावशी टॉवरमध्ये राहते, तिथे लिफ्ट आहे, म्हणून आई तिच्याकडे गेली. ती परत यायच्या आत बाथरूम नवीन करायचं, असं मी आणि बायकोने ठरवलं. आईला विचारलं नाही. तिला कशाला त्रास, असं त्या वेळी वाटलं होतं.

प्लंबर बायकोच्या मैत्रिणीने सुचवले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, गोवंडीहून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी टेप बाहेर काढायच्या आधी चार-पाच वेळा ते अर्धं दार उघडून मिटून बघितलं. मग म्हणाले, "कमोड इथून हलवावा लागेल."

"का?"

"दार आत आलं की कमोडसमोर जागाच उरत नाही. वॉकर घेऊन बाई वळणार कशा? कमोड खिडकीखाली घ्यावा लागेल."

बोलणं पटण्यासारखं होतं. अडचण पुढे होती. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाथरूमचे सांडपाण्याचे पाइप खालच्या घराच्या बाथरूममध्ये, छताला लटकलेले आहेत. कमोड हलवायचा म्हणजे स्लॅबला नवीन भोक पाडायचं आणि तळमजल्यावरच्यांच्या डोक्यावरून नवीन पाइप न्यायचा. त्यांची परवानगी हवी. आणि त्यांच्याशी आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं. त्यांच्याकडे गळती झाली तेव्हा मी ठासून सांगितलं होतं की दोष बिल्डिंगच्या पाइपाचा आहे. दोष आमच्याच नहाणीचा निघाला. आम्ही दुरुस्त करून दिलं, पण तोवर जिन्यात उभं राहून दोन्हीकडून जे बोलायचं नाही ते बोलून झालं होतं.

आता त्यांच्या दारात जाऊन काय म्हणणार? मी रोज संध्याकाळी ठरवायचो, आज जाऊ. मग त्यांच्याकडे पाहुणे दिसायचे, नाहीतर मलाच उशीर झालेला असायचा. असे आठ दिवस गेले. बायकोने दोनदा विचारलं आणि मग विचारणं सोडून दिलं, ते जास्त लागलं.

त्या आठवड्याअखेरीस प्लंबर पुन्हा आले. भिंतीवर पेन्सिलीने खुणा करायच्या होत्या, नळ कुठे, गरम पाण्याची लाइन कुठे, गीझर कुठे. खाली वाकून त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, "आई आंघोळ कशी करतात?"

"म्हणजे?"

"पाटावर बसून की स्टुलावर? तोंड कुठल्या भिंतीकडे? बादली कुठल्या हाताला?"

मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. आई त्या बाथरूममध्ये तीस वर्षं आंघोळ करत होती आणि बादली कुठल्या हाताला ठेवते हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. "उजव्याच असेल ना," मी म्हणालो.

प्लंबरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "अंदाजाने नको. एकदा टाइल लागली की नळ सरकत नाही. विचारून घ्या, मग करू."

रविवारी सकाळी टेप घेऊन मी दहिसरला गेलो. आई मावशीच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. मी प्रश्न विचारला तशी तिने मान खाली घातली. "काहीतरीच काय विचारतोस," म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली.

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सांग गो. तेका काय लाजतंस? तुझोच झील ना तो?"

"झील असलो म्हणून काय झाला?" आई म्हणाली. दोघी बहिणी एकत्र आल्या की मालवणीतच बोलतात.

मग मावशीनेच मार्ग काढला. तिने प्लास्टिकचं स्टूल आणि रिकामी बादली आणून हॉलच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "बस हय. हातान दाखव, बोलू नको."

आईने थोडा वेळ बादलीकडे बघितलं. मग वॉकर धरून उठली, सावकाश स्टुलावर बसली, पदर खोचला, आणि बादली उचलून डावीकडे ठेवली. डाव्या हातात मग धरल्यासारखं करून पाणी घेतलं, खांद्यावर ओतलं. मी थांबलो. आई उजव्या हाताची. लिहिते उजव्याने, पोळ्या लाटते उजव्याने.

"डाव्या हाताने का?"

"उजवा खांदा वर जात नाही."

"कधीपासून?"

"झाली की सहा-सात वर्षं," ती म्हणाली, जणू मी बसचा नंबर विचारला होता. "लाटण्यापुरता चालतो. त्यात सांगायचं काय?"

मावशीलाही ते माहीत नव्हतं. ती नुसती दिवाणावर बसली.

मी टेप काढून मापं घेतली. स्टुलापासून बादली किती लांब, बसल्या जागी डावा हात कुठवर पोचतो, उठताना ती कुठे हात टेकते. उठताना ती डावीकडेच वाकून आधार शोधत होती. आमच्या बाथरूममध्ये त्या बाजूला होता फक्त नळ. "नळाला धरूनच उठायचे मी," ती म्हणाली. "त्या दिवशी हात ओला होता, निसटला."

ती कशी पडली ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना तिने "घसरले" एवढंच सांगितलं होतं.

मी वहीत लिहीत होतो तेव्हा तीच पुढे म्हणाली, "बाकी काय करायचं ते करा, पण दार बाहेर उघडू दे. तुम्ही बाहेर, मी आत, आणि मीच दार अडवून पडलेली. परत तसं नको."

"बरं. आणि आतली कडी काढून टाकू."

"कडी पाहिजे."

"आई, अगं..."

"कडी नसेल तर मी तिथे आंघोळ करणार नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "सून त्या दिवशी वरून उतरली तेव्हा मी कशी होते ते मला माहीत आहे."

वहीत कडी असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

सोमवारी प्लंबर आले. वही त्यांनी नीट वाचली आणि "दार बाहेर" या ओळीवर थांबले. बाथरूममध्ये गेले, पॅसेजमध्ये आले, परत आत गेले. पॅसेजमध्ये दाराआड येणारं चपलांचं कपाट त्यांनी पायानेच बाजूला सरकवलं.

"हे हलवता येईल?"

"येईल की."

"मग कमोड जागेवरच राहू दे. दार बाहेर गेलं की त्याच्या पुढ्यात मोकळी जागा मिळते. वॉकर आरामात वळेल. मी दार तसंच धरून चाललो होतो, चुकलंच माझं."

"म्हणजे स्लॅबला भोक?"

"नको. खाली काहीच करायचं नाही."

मी तिथेच कमोडच्या झाकणावर बसलो. आठ दिवस छातीवर बसलेलं ओझं आईच्या एका वाक्याने उतरलं होतं, आणि आम्ही तिला विचारणारही नव्हतो. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "बघ," एवढंच.

मग कामाला खरा वेग आला. प्लंबरांनी नळ डावीकडेच ठेवला, पण बसल्या हाताला येईल इतका खाली घेतला. हँड शॉवरचा हुकही तितकाच खाली. उठताना धरायची स्टीलची दांडी कुठे येणार हे त्यांनी सगळ्यात आधी पक्कं केलं आणि पाण्याचे पाइप तिथून लांब वळवले. "दांडीसाठी ड्रिल मारताना पाइप फुटला की वाट लागली," ते म्हणाले. जमिनीचा उतार बसायच्या जागेपासून दूर, पाणी जायच्या जाळीकडे. टाइल लावायच्या आधी त्यांनी मला भिंतींना टेप लावून फोटो काढायला लावले, म्हणजे आत पाइप कुठून गेलाय हे उद्या कुणालाही कळेल. पाइपांना पंपाने दाब देऊन एक दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दाबाचा काटा होता तिथेच होता, म्हणजे कुठे गळत नव्हतं. कडी कुठली लावायची तेही त्यांनीच सुचवलं. आतून लागते, पण वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवता येते. आईला फोनवर सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "पण आतून लागते ना?" आणि मग "बरं" म्हणाली.

तीन महिने संपले तसं आम्ही तिला घरी आणलं. जिन्यावर मध्ये एकदा थांबून ती वर आली आणि बाथरूम बघून फक्त म्हणाली, "टाइल पांढरी घेतलीत, डाग दिसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मी पॅसेजमध्ये पेपर घेऊन उभा होतो, एक ओळही वाचत नव्हतो. पाणी बादलीत पडायला लागलं, थांबलं, मगने पाणी ओतल्याचे आवाज आले, एक, दोन, पुढे मी मोजणं सोडलं. वीसेक मिनिटांनी दार बाहेर उघडलं, मला मागे सरकावं लागलं. आई केसांना टॉवेल गुंडाळून उभी होती.

"ऑफिस नाही?"

"आहे. निघतोच आहे."

"मग नीघ. माझ्या वाटेत उभा का?"

मी निघालो. ती पडल्यापासून ऑफिसात मी फोन टेबलावर समोर ठेवून बसायचो, मावशीकडून नाहीतर घरून काही निरोप येईल म्हणून. त्या दिवशी तो बॅगेतच राहिला, आणि ते माझ्या लक्षात आलं संध्याकाळी.