दोन्या फिदेलिनाचे हात

दोन्या फिदेलिनाच्या, म्हणजे आमच्या फिदेलिनाबाईंच्या, हातांचा आमच्या गावात एवढा बोलबाला होता, की त्या हातांनी नेमकं काय केलं हे कुणी कधी विचारलंच नाही. मुरगळलेला घोटा, धरलेली पाठ, अडलेली बाळंतीण, सगळं तिच्याकडे. बाळाची टाळू पडली की मग तर तिच्याशिवाय पानच हलायचं नाही. टाळूला खळगा दिसला, पोर दूध ओढेना झालं, की फिदेलिना त्याचे दोन्ही पाय एका मुठीत धरायची, उलटं लटकवायची, जोरात तीन हिसके द्यायची आणि तळव्यांवर चापट्या मारायची. टाळू परत वर यावी म्हणून. पोर रडून रडून निपचित झालं की म्हणायची, आराम पडला. आम्ही शहाण्या बायका माना डोलवायचो आणि तिला कोंबडी द्यायचो.

माझ्या रोसाल्बाला मीच तिच्याकडे नेलं. पाच महिन्यांची होती, जुलाबाने सुकली होती. तीन हिसके झाले. पोरगी दोन दिवस झोपून राहिली आणि उठली तेव्हा तिला दिसत नव्हतं. गावाने लगेच निदान केलं: उन्हातून आलेल्या कुणा घामेजल्या माणसाची नजर लागली. फिदेलिनानेही तेच सांगितलं, वर मनगटात बांधायला लाल मणी दिले. पुढे राजधानीत, तेगुसिगाल्पाला, डॉक्टरने विचारलं होतं, बाळाला कुणी जोरात हलवलं होतं का? मी ठामपणे नाही म्हटलं. आम्ही कुठे हलवलं होतं, आम्ही तर टाळू उचलली होती. एवढी अक्कल माझी. आज रोसाल्बा बावीस वर्षांची आहे, माझ्या दुकानात बसून बोटांनी चाचपत राजमा निवडते.

गेल्या वर्षी सरकारला जाग आली. शाळेत सभा भरली, भिंतीवर चित्र लागलं: एक गोरागोमटा बाप रागाने लाल होऊन बाळाला खांद्यांना धरून हलवतोय. खाली लिहिलेलं, बाळाला हलवू नका. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. आमच्या गावातले बाप पोराला हातच लावत नाहीत, हलवणार कधी? कागद वाचणाऱ्या नर्सला हे कोण सांगणार. ज्यांनी चित्र काढलं त्यांनी आमचं एक घर पाहिलं असतं तरी पुरे होतं.

पहिल्या बाकावरून फिदेलिनाने विचारलं, "आणि उलटं धरून?"

नर्सने कागद चाळले. उलटं धरून कागदात नव्हतं. उलटं कोण कशाला धरेल, असं ती म्हणाली. फिदेलिना उठली, नर्सच्या हातातली कापडाची बाहुली घेतली, पाय धरून लटकवली आणि तीन हिसके दिले. नर्सचा चेहरा उतरला. मग मात्र ती कागद सोडून बोलली: बाळाची मान कच्ची असते, डोकं जड असतं, हिसक्याने आत नसा तुटतात, मेंदूत रक्त उतरतं, डोळे जातात, जीवही जातो. टाळू पडते ती अंगातलं पाणी गेल्यामुळे. ती हिसक्याने वर येत नाही, पाण्याने येते.

फिदेलिनाने मागे वळून माझ्याशेजारी बसलेल्या रोसाल्बाकडे पाहिलं. मग ती घरी गेली.

त्यानंतर कुणी बाळ आणलं की म्हणायची, हात दुखतात, दवाखान्यात न्या. हात दुखतात म्हणे. आठ महिने मी हे ऐकलं आणि दरवेळी मला तिची किळस आली. खरं बोलायला हात लागत नाहीत.

मग मार्च महिन्यात मारिसेलाचं बाळ जुलाबाने सुकलं. मारिसेला आणि तिची सासू ओतिलिया बाळाला घेऊन माझ्या दुकानासमोर उभ्या, फिदेलिना मीठ घ्यायला आलेली. तिने नेहमीचं रडगाणं सुरू केलं. ओतिलिया म्हणाली, "राहू द्या तुमचे हात. बघून बघून मलाही येतं आता." आणि तिने सुनेच्या कुशीतून बाळ ओढून त्याचे पाय धरले.

फिदेलिनाने तिचं मनगट पकडलं. म्हातारीने पकड सोडली नाही.

"हात दुखत नाहीत माझे," ती म्हणाली. "ही आत बसलीय ना रोसाल्बा, तिला कुणाची नजर लागली नव्हती. तिचे डोळे मी घालवले. असेच पाय धरून."

आत रोसाल्बाची बोटं राजम्यावर थांबली. त्या सभेपासून मी या वाक्याची वाट पाहिली होती, वाटलं होतं ऐकून छाती हलकी होईल. काही हलकं झालं नाही. मी फळीवरची जुलाबात द्यायची मीठ-साखरेची पुडी काढली, उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळली आणि चमच्याने बाळाच्या ओठात सोडायला लागले. तेवढ्यात फिदेलिनाने दुधाची गाडी थांबवली आणि मारिसेलाला बाळासकट दवाखान्याच्या वाटेला लावलं. ते पोर आता मक्याच्या भाकरीचा तुकडा हिरड्यांनी चघळतं.

हल्ली दर गुरुवारी फिदेलिना बाळंतिणींच्या घरी जाते, बाळाची टाळू उचलू नका म्हणून सांगायला. त्या घरांतल्या सासवा तिला तोंडावर म्हातारचळ लागलाय म्हणतात. कालपर्यंत याच बाया तिला कोंबड्या देत होत्या. तिला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण एकट्या म्हातारीचं कोण ऐकणार, म्हणून मी दुकान बंद करून रोसाल्बाचा हात धरते आणि फिदेलिनाबरोबर जाते.

फिदेलिना सांगते, "हिला मी हलवलं."

मग मी सांगते, "आणि तिच्या हातात हिला मी दिलं."