फोटो काढणारी

दुपारचं जेवण झालंय, चटईवर अंग टाकलंय, आणि दिगंबर म्हेतर अजून झोपलेले नाहीत. म्हणजे त्यांचं स्वतःचं म्हणणं तसं आहे. डोळे मिटलेत, तोंड अर्धवट उघडलंय, पण शेजारच्या बोळातल्या यंत्रमागांची खडखड कानात चालू आहे, तेव्हा आपण जागेच आहोत अशी त्यांची समजूत. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते, आपणही आप्पाच म्हणू.

आप्पांच्या छातीवर सुवर्णाचा फोन आहे आणि उशाशी त्यांचा स्वतःचा. सुवर्णा त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात नोकरीला होती. गणपतीच्या आधी तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. एकतीस वर्षांची होती. तिचा आयफोन कंपनीनं दिलेला. दोन महिने कंपनीतल्या बाई काही बोलल्या नाहीत, मग पंधरवड्यापूर्वी चाचरत म्हणाल्या, काका, फोटो तुमच्याकडे घ्या, फोन कोरा करा आणि कुरिअरवाल्याकडे द्या. तो कुरिअरवाला आज तीनला येणार आहे.

फोटो घ्यायचे म्हणजे आप्पांच्या फोनवर, आणि तो अँड्रॉइड. या दोन फोनांचं एकमेकांशी सरळ जमत नाही, एवढं आप्पांना कळलं. सुवर्णाच्या खोलीवरची मैत्रीण नीलोफर दहा दिवसांपूर्वी येऊन म्हणाली होती, काका, वायर लावून एका दमात सगळं ओढून घेऊ. पण आप्पांचा जन्म इचलकरंजीत वहिफणी करण्यात गेलेला. मागावरचं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, संपलं की जुन्या बीमची एकेक तार नव्या बीमच्या तारेला सांधायची, अशा हजारो तारा, आणि एक सुटली तरी कापडात रेघ उमटते. असला माणूस एका दमात काही ओढेल होय? त्यांनी नीलोफरकडून उघडायचा नंबर तेवढा घेतला, स्क्रीन सारखी बंद पडू नये अशी सोय करून घेतली, आणि चहा पाजून तिला वाटेला लावलं. मग एक फोटो उघडायचा, आपल्या फोनवर पाठवायचा, आला का ते बघायचं, की पुढचा. असे अठराशे बेचाळीस. आज जेवायच्या आधी शेवटचा आला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला सांगितलं, "एक बी सुटला न्हाई बघ." मालनबाईंनी ताट वाढलं. सुवर्णा गेल्यापासून त्या फारसं बोलतच नाहीत.

आता फोन कोरा करायचं तेवढं राहिलंय. त्याआधी आप्पांनी एक फोटो उगाच पुन्हा उघडला आणि तो बघता बघता आडवे झाले. त्यांना वाटलं होतं, काम पुरं झालं की पोरगी घरात आल्यासारखी वाटेल. तसं काहीच वाटत नाही. अठराशे बेचाळिसांत सुवर्णा जेमतेम चाळीस फोटोंत आहे. बाकी सगळीकडे आप्पा, आई, खिडकीतलं मांजर, वाढलेली ताटं. फोटो काढणारी तीच, मग ती फोटोत येणार कुठून? आणखी एक गोष्ट आहे, ती आप्पांनी कुणाला सांगितलेली नाही. सुवर्णाचा आवाज त्यांना आठवेनासा झालाय. तिचं बोलणं आठवतं, शब्द न् शब्द आठवतो, पण आवाज काही केल्या येत नाही. फोन कोरा झाला तर चालेल, आपण कोरे होत चाललोय हे त्यांना सहन होत नाही.

सुवर्णा पायाशी उभी आहे.

पाय आखडा, बसू द्या की, असं ती म्हणते. म्हणजे तिचे ओठ तसे हलतात. आवाज मागांच्या खडखडीत बुडून जातो, आणि त्याचं आप्पांना नवलही वाटत नाही. मागात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसतं, ओठांवरून ओळखायचं असतं. आप्पा पाय आखडतात. चटईच्या जागी बीम आहे, भिंतीला कापसाची धूळ चिकटलीय, आणि सुवर्णा त्यांच्या समोर मांडी घालून बसलीय, चष्मा डोक्यावर चढवून.

"कधी आलीस?"

"मगाशीच आलो," सुवर्णा म्हणते. इकडच्या पोरींसारखं आलो-गेलो करायची ती. पुण्यात सात वर्षं काढली तरी सुधारली नाही. "बघू तर, काय केलंय तुम्ही."

आप्पा बीम तिच्याकडे सरकवतात. प्रत्येक तारेला एक फोटो बांधलाय. सुवर्णा बोटानं एकेक तार बाजूला करत जाते आणि त्यांना मनातून बरं वाटतं. काम दाखवायला माणूस पाहिजेच असतं.

"सगळ्या सांधल्यासा?"

"मोजून घे."

ती मोजते. बराच वेळ मोजते. मग वर बघते.

"तारा सगळ्या हायत आप्पा. ह्यात मी न्हाई."

"चाळीस हायत की तुझे."

"ते न्हवं. हलत होतो मी. तुम्हाला दिसत बी होतं, पर तुम्ही डोळ्याला दोष दिला."

ते खरं आहे. एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना चित्र जरासं थरथरायचं. आप्पा म्हणायचे, मोतीबिंदू पिकला वाटतं.

मागांमधली वाट लांबत जाते. वर नळीचे दिवे लागलेत, आणि माग आता काचेच्या पलीकडे गेलेत. आप्पा बाकावर बसलेत, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सुवर्णाच्या चपला. दवाखान्यानं काढून दिलेल्या. सुवर्णा त्यांच्या शेजारीच बसलीय, अनवाणी. दोघं काचेकडे बघतायत.

"आत कोण हाय?" आप्पा विचारतात.

"मीच की."

"तुला भेटू देत नव्हते गं."

"ठाऊक हाय मला. तुम्ही सारखं सारखं सांगू नका."

आप्पा पिशवी घट्ट धरतात. अडीच महिने जे विचारायचं होतं ते आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही, हे त्यांना झोपेतही कळतंय.

"नर्स म्हणाली, तू आप्पा म्हणून हाक मारलीस. पुढं काय तरी बोललीस. काय बोललीस?"

सुवर्णा सांगते. लगेच सांगते, आढेवेढे न घेता. पण तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आहे. मास्क आतून धुरकट होतो, निवळतो, पुन्हा धुरकट होतो. ओठ दिसत नाहीत. आयुष्यभर ओठ वाचत आलेला माणूस लेकीच्या तोंडासमोर बसलाय आणि त्याला एक अक्षर लागत नाही. आप्पा रडायला लागतात. दवाखान्यात रडले नव्हते, घाटावर रडले नव्हते, ते आत्ता रडतात.

"परत सांग गं," ते म्हणतात. "एकदाच सांग."

बाक तोच आहे, पण तो एसटी स्टँडवर आहे. पुण्याची गाडी लागलीय. सुवर्णा खिडकीशी बसलीय, मास्क नाही, चष्मा जागेवर आहे. काच बंद आहे, उघडत नाही. आप्पा खाली उभे राहून काचेवर थापा मारतात. पिशवी त्यांच्या हातात तशीच राहिलीय.

"चपला घे की," ते म्हणतात.

सुवर्णा मान हलवते. मग आतून काचेवर अंगठा टेकवते आणि दाबते. अंगठ्याचं टोक पांढरं पडतं.

"असं," तिचे ओठ म्हणतात. "दाबून धरा."

"काय दाबू?"

"सोडायचं न्हाई."

गाडी हलते. आप्पा बाहेरून तिच्या अंगठ्यावर अंगठा ठेवतात आणि गाडीबरोबर चालायला लागतात, मग पळायला. काच थंड आहे. गाडी वेग घेते आणि तेवढ्यात सगळ्या गावातले माग एकदम थांबतात.

वीज गेलीय. खडखडीत गाढ झोपणारा आणि शांततेत दचकून उठणारा माणूस फक्त आमच्या गावात सापडेल. आप्पा जागे होतात. घर अगदी गप्प आहे. आत मालनबाई भांडी घासतायत, तेवढाच आवाज. फोन छातीवरून घसरून हातात आलाय, आणि उजवा अंगठा काचेवर इतका रुतलाय की टोक पांढरं पडलंय.

अंगठ्याखाली मघाचाच फोटो आहे. गेल्या वर्षीच्या दिवाळीचा, आप्पा नव्या शर्टात दाराशी उभे. फोटोतले आप्पा हलतात. हात वर करतात, कॉलर नीट करायला जातात.

"आप्पा, हलू नका की," सुवर्णा म्हणते.

आवाज. तिचाच, जरा नाकातला, शेवटाला हसू दाबलेला. आप्पा ताडकन उठून बसतात, अंगठा सुटतो आणि फोटो पुन्हा मुका होतो. सुवर्णाच्या फोननं प्रत्येक फोटोबरोबर पुढचेमागचे दोन-तीन क्षण आवाजासकट टिपून ठेवलेत, पण ते दाबून धरलं तरच उघडतात.

ते उशाचा आपला फोन घेतात. तोच फोटो उघडतात आणि अंगठा दाबतात. फोटो नुसता मोठा होतो. जास्त जोरात दाबतात, मग दुसरा फोटो, तिसरा. कॉलरकडे जाणारा हात जिथल्या तिथे राहतो. अठराशे बेचाळीस तारा त्यांनी आपल्या हातानं सांधल्या आणि नेमकं तिला मागे ठेवलं. जेवण उतरायच्या आत फोनही कोरा केला असता. दुपारी डोळा लागला नसता तर केलाच असता.

दाराशी मोटरसायकल थांबते. "म्हेतर हितंच का? कुरिअर हाय, पार्सल न्यायचं हाय."

"आज न्हाई," आप्पा चटईवरूनच सांगतात. "फोनात माणूस हाय अजून. ते काढल्याबिगर देणार न्हाई."

कुरिअरवाला उंबऱ्याबाहेरून आत डोकावतो. म्हातारा डोळे पुसतोय हे त्याला दिसतं. काय समजायचं ते तो समजतो आणि गाडी वळवून निघून जातो.

आप्पा सुवर्णाचा फोन दोन्ही हातांत धरतात. आवाज पूर्ण वाढवतात. या खेपेला अंगठा सुटू द्यायचा नाही म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवतात, आणि दाबतात.

"आप्पा, हलू नका की. आई, तू बी ये, ये की लवकर."

आत भांडी थांबतात.

"आले गं," मालनबाई म्हणतात, आणि ओले हात पदराला पुसत बाहेर येतात.