आधी वजन, मग पळणं

ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघीच. पुढे गिऱ्हाइकं नव्या फ्रेमा घालून आरशापुढे माना वळवत असतात, आणि मागे ती काचा कापते, त्यांच्या कडा घासते, फ्रेममध्ये बसवते. मी मोडक्या दांड्या जोडते, हरवलेले स्क्रू लावते. दुकानात तिला सगळे काचवाली म्हणतात. तिची कशालाच ना नसते, तशी याही नावाला नव्हती.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका सकाळी तो कामावर निघाला होता. खुर्चीत बसून त्याने एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तसाच एका बाजूला कलला. ती स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली, "अहो, उशीर होतोय." बाहेर येऊन पाहिलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. हे तिने मला सांगितलं ते एखाद्याचा चष्म्याचा नंबर सांगावा तसं.

थोड्या दिवसांनी ती कामावर आली आणि पहिलीच काच मशीनला लावली ती बिनचूक. सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. कुणी जवळ येऊन हळहळलं की ती "हो ना" म्हणायची, हवापाण्याबद्दल चाललं असावं अशा आवाजात. मला एवढंच दिसायचं की ती डबा आणते आणि न उघडता घरी नेते.

घरात आता ती आणि सासू. सासूने उभा जन्म पडदे शिवण्यात घालवलेला, जीभ कात्रीसारखी. मुलगा गेला आणि काही महिन्यांत तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय आणि अर्धा चेहरा गेला. बोलणं जरा जड झालं, पण थांबलं नाही. दिवसभर एक बाई तिच्यापाशी थांबायची. काचवाली घरी पोचली की ती निघायची. मग सासूला खुर्चीतून उचलून पलंगावर नेणं, बाथरूमला नेणं, कुशीवर वळवणं, सगळं हिच्याकडे. थोड्याच दिवसांत हिची पाठ धरली.

सासूला व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट यायचा. हिचं वाकणं बघून तो म्हणाला, "आजींचं मी बघतो, तुम्ही स्वतःकडे बघा. तुमची पाठ गेली तर या घरात दोन पेशंट होतील. अंगात ताकद आणा."

"तिच्या अंगात ताकद आली तर मलाच फेकून देईल," सासू म्हणाली.

आमच्या दुकानाच्या बरोबर वर एक जिम आहे. संध्याकाळी छतावर धपधप सुरू झाली की आम्ही म्हणायचो, हत्तींची शाळा भरली. काचवाली त्या शाळेत नाव घालून आली. काम संपलं की जिना चढून वर, आणि तिथून घरी.

तिथे शिकवायला एक कोचबाई होती. एके काळी भाला फेकायची. खांदा कायमचा दुखावला तेव्हापासून इतरांचे खांदे सांभाळते. आवाज असा खणखणीत की खाली आमच्या टेबलावरचे स्क्रू हलावेत. तिने पहिल्या दिवशी हिला सगळं समजावलं. थोडं चालून अंग मोकळं करायचं, मग बैठका, मग जमिनीवरून वजन उचलणं, आणि ताकद उरली तर शेवटी ट्रेडमिल. हिने मान डोलावली, ट्रेडमिलवर चढली आणि उतरेचना.

रोज तेच. आल्या आल्या पळायला लागायची. पाय लटपटायला लागले की उतरायची, हलकी डंबेल्स नावापुरती वरखाली करायची आणि निघायची. कोचबाईने काही दिवस बघितलं. मग एकदा ट्रेडमिलच्या समोरच येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला शर्यतीत पळायचंय का?"

"नाही."

"पळायचं असेल तर आधी पळा, मी हूं का चूं करणार नाही. जे महत्त्वाचं ते ताज्या अंगाने आधी करायचं, एवढंच साधं आहे. तुम्हाला माणूस उचलायचंय. पळून पळून पाय रिकामे केलेत आणि मग वजनाला हात घातलात, की गुडघे आत जातात, पाठ वाकते. आणि पाठच सांभाळायला आलात ना?"

"हो."

"मग आधी वजन, मग पळणं."

"उद्यापासून करते," ती म्हणाली, आणि पट्ट्याचा वेग वाढवला.

मी तिला विचारलं होतं, एवढं काय आहे त्या पळण्यात? ती काच घासत होती. तिने मशीन बंद केलं. "कोचबाईला सांगितलं, बरं वाटतं म्हणून. बरं वगैरे काही वाटत नाही. समोर भिंत असते, पट्टा सरकतो, पाय आपोआप पडतात. तिथे माझी गरजच नसते. वजन हातात असलं की तिथं असावं लागतं. टाच कुठे, श्वास कधी, सगळं बघावं लागतं." एवढं बोलली आणि पुन्हा मशीन सुरू केलं. त्या वर्षातलं तिचं माझ्याशी सगळ्यात लांब बोलणं तेच असावं.

मग एक दिवस नवऱ्याच्या कंपनीतला एक माणूस दुकानात आला. अवघडून उभा होता बिचारा. एका बंद लिफ्टच्या खोलीत नवऱ्याची हत्यारांची पिशवी राहून गेली होती, ती द्यायला आलेला. हिने पिशवी घेतली, "बरं झालं, आणलीत" म्हणाली, टेबलाखाली सरकवली आणि हातातली काच पुरी केली. कामावरून सुटली ती सरळ वर गेली आणि पळत सुटली. त्या दिवशी कोचबाई सुट्टीवर होती, थांबवणारं कुणी नव्हतं. मी दुकान आवरून निघाले तरी छतावर तिच्या पावलांचा ठोका तसाच चालू होता.

घरी पोचली तेव्हा सांभाळणारी बाई चपला घालून दारातच उभी होती, ती गेली. सासू खुर्चीत बसून कंटाळलेली. हिने नेहमीसारखे पाय रोवले, सासूच्या काखांखालून हात घातले, "चला आई," म्हणाली आणि उचललं. अर्ध्यावर उठल्या दोघी. आणि तिथे हिचे गुडघे, तिच्या शब्दांत सांगायचं तर, "कुणीतरी काढून घेतले." सासू हिच्या अंगावर आणि ही पाठीवर, अशा दोघी पलंग आणि खुर्ची यांच्या मधल्या फटीत पडल्या.

सासूचं कपाळ पलंगाच्या कडेला लागलं होतं. रक्त नव्हतं, पण टेंगूळ चढायला लागलं. हिने सासूला बाजूला सरकवलं, उठायला गेली. पाय हलेनात. फोन पर्समध्ये, पर्स दारापाशी.

"लागलं का?" हिने विचारलं.

"ज्या बाजूला लागलं ती बाजू मेलेलीच आहे," सासू म्हणाली. "तुझं सांग."

"काही नाही मला."

"पडलोच आहोत, तर पडू जरा. घाई कसली?"

छताकडे बघत दोघी पडून राहिल्या. पंखा फिरत होता. सासू म्हणाली, "तू रडली नाहीस."

"आत्ता?"

"तो गेला तेव्हा. नंतरही नाही. मी बघते ना. माझा अर्धा चेहरा रडतच नाही, त्याला इलाज नाही. तुझं काय?"

हिने सासूचं टेंगूळ चाचपून पाहिलं. नंतर मला म्हणाली, "आई पडल्या, डोक्याला लागलं, जीवही गेला असता. मला भीती वाटायला हवी होती गं. मी शोधत होते आत. काहीच नव्हतं."

शेवटी सासूने उजव्या हाताने खुर्चीखालची चप्पल ओढली आणि जमिनीवर आपटायला लागली. खालच्या मजल्यावर निवृत्त झालेले एक बस ड्रायव्हर राहतात. ते आणि त्यांची बायको धावत वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी आधी सासूला उचलून पलंगावर ठेवलं, मग हिला हात दिला.

"पायात जीव नाही का हो तुमच्या?" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"आज नाही," ती म्हणाली.

डॉक्टरने तपासलं, डोक्याचा फोटो काढला. आत काही झालेलं नव्हतं. पण बातमी नणंदेपर्यंत पोचली आणि ती लगेच सुट्टी टाकून आली. दुसऱ्या गावात राहते, बँकेत आहे, मनाने चांगली. आईचं टेंगूळ बघून मात्र तिचा तोल गेला.

"वहिनी, जिमला जायला वेळ आहे आणि आईला धरायला जोर नाही? मी घेऊन जाते तिला. आमच्याकडे आम्ही दोघं आहोत, नवराही मदत करतो."

ही म्हणाली, "ठीक आहे, ताई." कपाटातून सासूचे कपडे काढायलाही लागली.

"ठेव ते परत," सासू पलंगावरून म्हणाली. "मी पडदा आहे का, या खिडकीवरचा काढून त्या खिडकीला लावायला?"

"अगं आई, परत पडलीस तर?"

"आत्ता आले तर हिला जन्मभर वाटेल, पाडलं म्हणून नेलं. यायचंच असेल तर नंतर येईन. माझ्या मनाने."

नणंद रडली, चिडली आणि दोन दिवसांनी परत गेली. ही नणंदेला निरोप द्यायला खाली उतरली आणि तिथूनच जिमला गेली.

कोचबाईला तिने जे घडलं ते सांगितलं. कोचबाई ओरडली नाही. आतल्या खोलीतून वाळूचं एक लांबडं पोतं ओढत आणलं.

"लोखंडाच्या दांड्याला धरायला जागा असते," ती म्हणाली. "माणसाला नसते. हे पोतं माणसासारखं आहे, उचललं की कुठूनही लोंबतं. याला मिठी मारायची, छातीशी घ्यायचं, ढुंगण मागे, पाठ सरळ, आणि पायांनी उठायचं. हे झाल्याशिवाय ट्रेडमिलकडे बघायचं सुद्धा नाही."

पहिल्या दिवशी पोतं जागचं हललं नाही. मग अर्धी वाळू काढली. हळूहळू मूठमूठ परत भरत गेल्या. घरी जाताना डबा घ्यायला ती खाली यायची तेव्हा तिच्या ब्लाउजला वाळू लागलेली असायची आणि ती माझ्या टेबलावर सांडायची. काचेच्या कामात वाळूचा कण म्हणजे ओरखडा. मी कुरकुर केली की ती ओल्या फडक्याने माझं टेबल पुसून द्यायची, स्वतःचं नाही.

पण गंमत अशी झाली की पोतं आधी उचलल्यावर पळणं पूर्वीसारखं होईना. पाय आधीच भरून आलेले. वेग धरवेना; चालावं लागायचं, फार तर मंद पळायचं. आणि मंद पळताना डोकं रिकामं राहीना. आधी जे मागे सुटायचं ते आता बरोबरीने चालायला लागलं. भिंतीकडे बघत चालता चालता तिला आठवायचं, ती दुसऱ्यांदा "उशीर होतोय" म्हणाली तेव्हा चिडून म्हणाली होती. त्याच्या उजव्या बुटाची नाडी नेहमी निसटायची. असलं काहीबाही.

"मग बंद कर ते चालणं," मी म्हटलं. "वजनं उचल आणि घरी जा."

"नको. असू दे."

एका संध्याकाळी मी कुलूप शोधत होते, तर ती जिन्यावरून उतरून आत आली. चेहरा घामाने ओला, श्वास चढलेला. मला वाटलं, आता बाई कोसळते. म्हटलं, "काय झालं गं?"

"तुझ्या डब्यात काही उरलंय का?"

भाजी उरली होती, थोडा भात. थंडगार. तिने स्टूलवर बसून सगळं संपवलं, मग स्वतःचा डबा उघडून तोही संपवला. मध्ये एकदाही वर बघितलं नाही. तिचा नवरा गेल्यापासून मी तिला पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं. खाऊन झाल्यावर तिने दोन्ही डबे घासले आणि म्हणाली, "मीठ जास्त होतं भाजीत."

सासूला उचलणं तिला जमायला लागलं. आधी दोघी "एक, दोन, तीन" म्हणायच्या आणि तिनाला घाबरून थांबायच्या. मग सासू म्हणाली, "मोजू नकोस, मोजलं की मी दगड होते. बोलता बोलता उचल." तेव्हापासून ही काहीतरी विचारायची, आज बाईने औषध दिलं का, खिडकी उघडू का, आणि सासू उत्तर देईपर्यंत पलंगावर पोचलेली असायची. ड्रायव्हरकाका एकदा बघायला आले. त्यांनी फक्त मान हलवली आणि आपल्या बायकोला म्हणाले, "आपल्याला आता ही चप्पल ऐकू येणार नाही."

आणि मग, सगळं सुरळीत झाल्यावर, सासूने एका सकाळी सांगितलं, "लेकीला फोन लाव. मी जाते तिच्याकडे."

"का? आता काय झालं?"

"काही झालं नाही म्हणूनच. आता गेले तर तुला टोचणार नाही. आणि मला नातवंडं बघायचीत. तुझं तोंड बघून बघून कंटाळले मी."

हिने कपाटातून कपडे काढले. या वेळी सासूने अडवलं नाही.

नणंद नवऱ्याला घेऊन गाडीने आली. जावई बाह्या सरसावून पुढे झाला, तर हिने त्याला बाजूला केलं. सासूला छातीशी घेतलं, जिना उतरली, मधल्या वळणावर क्षणभर टेकली, आणि गाडीत नीट बसवलं. पट्टा लावला. नणंद दार धरून उभी होती. ती काहीतरी बोलायला गेली आणि मग वहिनीच्या गळ्यातच पडली. हिने तिच्या पाठीवर थोपटलं. "तेव्हा वाटलं का काही?" मी विचारलं. ती विचार करून म्हणाली, "गाडी गेल्यावर. वर आले आणि घर एवढं मोठं कधी झालं, असं वाटलं. मग झोपले. संध्याकाळी उठले तेव्हा उशी ओली होती. झोपेत रडले असणार. बरंच झालं, जागी असते तर जमलं नसतं."

त्यालाही आता बरेच दिवस झाले. उचलायला घरात कुणी नाही, तरी ती वर जाते, आधी पोतं, मग पळणं. कोचबाई म्हणाली, आता हवं तर क्रम बदला, माझी हरकत नाही. ही म्हणाली, राहू दे. पूर्वीपेक्षा जास्त बोलते असं नाही. "हो ना" अजूनही त्याच आवाजात म्हणते. पण डबा रिकामा घरी नेते.

परवा दुपारी सासूचा फोन आला. आम्ही काम करत होतो म्हणून तिने स्पीकरवर टाकला. "जावई मला फ्रीजसारखा उचलतो गं," सासू पलीकडून ओरडत होती. "तिरका करतो, दारातून काढतो. तू जरा येऊन शिकवून जा त्याला."

"रविवारी येते," काचवाली म्हणाली, आणि हातातली काच उजेडाकडे धरून कड तपासली.