भरून काढलेलं रक्त

त्याचं नाव मला आता आठवत नाही. तापीकाठचा गुजर शेतकरी, दरवाजा अडेल एवढा जाडजूड. नवापूरकडच्या एका दवाखान्यात मी रक्त तपासायचो तेव्हाची गोष्ट.

आठवड्यापूर्वी त्याच्या रक्तात भरमसाट साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. पण दंडातून नळीभर रक्त गेलं म्हणून घाबरून बायकोने त्याला रोज दोन वेळा तुपातला गुळाचा शिरा चारला.

"गोड बंदच शे," तो पोटावरून हात फिरवत म्हणाला. "शिरा तं दवाई म्हनीसन खाधा. निंघेल रगत भरी काढनं पडस ना!"

मी कपाळावर हात मारला आणि सुई उचलली. त्याने डोळे गच्च मिटले.

"धीरे टोचजो, भाऊ. मन्हं काहीच दुखत नही, मंग आजार कसाना?"

कापूस घ्यायला वळलो आणि थिजलोच. दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते. जोडे दारात काढून तो अनवाणी आत आला होता. सुई टेबलावर ठेवून त्याचा पाय उचलून पाहिला, तर टाचेत बाभळीचा बोटाएवढा काटा. जोड्यातून आरपार घुसलेल्या त्या काट्यावर तो दवाखान्यापर्यंत चालत आला होता.

"हाऊ कव्हय घुसना?" त्याने नवलाने विचारलं.

मी काटा उपसला, तरी साखरेने बधिर झालेल्या त्या पायाला काही कळलं नाही. तो मात्र टेबलावरच्या सुईकडेच भीत भीत बघत होता.